सत्यभामाबाईचा भाऊ

यंदाच्या भोगीच्या रात्री गोपाळ आपल्या लेकीला आणायला निघाला. काम एवढंच. अर्पिता अमरावतीला नर्सिंग शिकते, संक्रांतीसाठी घरी येत होती. शेगावहून सुटलेली शेवटची एसटी वाटेत बंद पडली, दुसरी गाडी यायला उशीर झाला, आणि पोरगी वरवट बकालच्या स्टँडवर उतरली तेव्हा बारा वाजून गेले होते. गोपाळचं घर संग्रामपूरला. मोटरसायकलनं जायचं, पोरीला मागं बसवायचं आणि परत यायचं. यात भुताला शिरायला जागा कुठं आहे, तुम्हीच सांगा.

हर्षल, जरा तुराट्या घाल त्या विस्तवात, हरभरा नुसता धुरकटतोय. आणि धवल, मघाशी स्टँडवरच्या त्या म्हाताऱ्याला 'येडं' म्हणून दात काढत होतास ना? म्हणूनच ही गोष्ट काढली मी. शाळेत शिकवून शिकवून माझी जीभ पुस्तकी झाली, पण माणसं जशी बोलली तशीच सांगतो. गोपाळ माझा विद्यार्थी. त्यानं हे मला माझ्या ओसरीवर बसून सांगितलं. सांगताना हातातला चहा त्यानं तोंडाला लावला नाही.

"भुताची हाये का गुरुजी?"

ते तू ठरव बाबा. आधी ऐक.

गोपाळचं कृषी केंद्र वरवटच्या स्टँडसमोर आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दुकानापुढं शहाबादी फरशीचा रुंद ओटा. त्या ओट्यावर सत्यभामाबाई रात्र काढायची. झोपायची असं मी म्हणत नाही, कारण रात्री ती झोपतच नसे. शटरला पाठ लावून बसायची आणि बोलत राहायची. एकटीच. "रामदादा, आला का? बस. काठी जवळ ठेवजो. जेवला का?" मधेच रागवायची, मधेच हसायची, मधेच कुणाला तरी सरकून जागा द्यायची.

आता गावाचं तोंड काय, त्याला झाकण नाही. कुणी म्हणे वेडी आहे. कुणी म्हणे तिच्याशी मुंजा बोलतो. दिवसा ती बाजारामागं उन्हात झोपलेली दिसे, तर म्हणायचे, हिला काम नको, आयतं पाहिजे. एकदा पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली, तर पहिली झडती हिच्या गाठोड्याची. निघालं काय? धुतलेलं लुगडं, फणी आणि साबणाची वडी. वेड्या बाईला साबण कशाला लागतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

खरं ऐकायचं असेल तर स्टँडवरच्या हॉटेलवाल्या रवीला विचारा. पहाटे त्याच्याकडं कपबश्या आणि कढया तीच घासायची. पिंपळगाव राजाला सासर होतं तिचं. नवरा गेला, पाठोपाठ दिरानं तिच्या खोलीला कुलूप घातलं. म्हणजे घर होतं तिला. पण घर असणं वेगळं आणि घरात घेणं वेगळं. आपण मात्र रस्त्यावर झोपलेला माणूस दिसला की त्याचीच काहीतरी खोड शोधतो. दारू पीत असेल, आळशी असेल, भांडखोर असेल. तसं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, कारण मग आपल्यावर ती पाळी येणार नाही.

गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. "गोपाळभाऊ, सकाळी सकाळी त्या येडीचं तोंड पाहा लागते." मग गोपाळनं तेच केलं जे आपल्याकडं कितीतरी दुकानदार करतात. शटर ओढलं की ओट्यावर बादलीभर पाणी. कुत्रं बसत नाही, माणूसही बसत नाही. कुणाला हात लावायला नको, वाईट शब्द बोलायला नको. सभ्य माणसाची युक्ती आहे ती.

मागच्या वर्षीचा पौष होता. काही रात्री ती ओल्या ओट्यापाशी नुसती उभी राहिली. मग दिसेनाशी झाली. मग सापडली, शेगाव रस्त्याला पुलाखाली, सिमेंटच्या नळीत, गुडघे पोटाशी घेतलेली. थंडीनं गेली. पोलिसांनी कागदावर लिहिलं, अनोळखी वेडसर स्त्री. रोज पहाटे जिच्या हातच्या धुतलेल्या कपात सारं गाव चहा प्यायचं, ती अनोळखी! आणि गोपाळ म्हणाला, "पिऊन पडली असीन." अरे, दारूचा थेंब माहीत नव्हता तिला. पाण्यानं मारली तिला.

अर्पिताला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तिकडं हॉस्टेलवर.

तर भोगीची रात्र. गाडीतून उतरल्याबरोबर पोरीनं फोन केला, "बाबा, मी आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसते. लवकर या, मोबाइलची बॅटरी सरत आली." गोपाळनं मफलर बांधला आणि निघाला. थंडी अशी की बोटांना ब्रेक दाबवेना. अर्ध्या वाटेत मोटरसायकल दोनदा आचके देऊन बंद पडली. किका मारल्या. प्लग पुसला. पुन्हा किका. गाडी ढिम्म. दोन्हीकडं हरभऱ्याची शेतं, अंधारी रात्र, आणि कुत्रंही भुंकत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठं हा तुम्ही? इथं तिघं जण हायेत. पिऊन हायेत. मघापासून माह्यासमोरून गाडी फिरवून राह्यले. बाबा... ते थांबले. ते इकडंच..."

बंद.

गोपाळनं फोन लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ. एकुलती एक लेक, तिकडं तिघं, आणि बाप रस्त्यात. त्यानं गाडी ढकलायला सुरुवात केली. ढकलत पळायला लागला. देवाचं नाव घ्यायचं तेही आठवेना, असं तो म्हणाला.

मागून आवाज आला.

टक... टक...

डांबरावर काठी टेकल्याचा. गोपाळनं मान वळवली. उंच माणूस. डोक्यावरून घोंगडं. झपाझप येत होता.

"अहो दादा, जरा धक्का मारा हो गाडीले. माही पोरगी एकटी हाये स्टँडवर..."

माणूस थांबला नाही. बाजूनं निघून जाता जाता एवढंच बोलला, "मले उशीर झाला."

"कुठं चालले?"

"बहिणीले पाहाले." आवाज पुढून आला, अंधारातून. "लय उशीर झाला मले."

टक... टक... मग तेही नाही.

गोपाळनं सवयीनं किक मारली. गाडी सुरू झाली. पहिल्याच किकेत. दिव्याचा झोत रस्त्यावर पडला. रस्ता सरळ. वाटेत वळण नाही, फाटा नाही. माणूस नुकताच पुढं गेलेला. आता गाठू, मागं बसवू, असं गोपाळच्या मनात आलं. तो गाडी पळवत राहिला. पळवत राहिला. स्टँड आलं. माणूस भेटला नाही.

"गुरुजी, शेतातून गेला असीन नं तो..."

असेल धवल. तसंच समज. जवळ सरक, थंडी वाजतेय तुला.

स्टँडवर एकच दिवा. त्याच्याखाली एक मोटरसायकल आडवी पडलेली. चाक अजून फिरत होतं. दोन चपला, वेगवेगळ्या माणसांच्या. माणसं नाहीत. कुणीच नाही.

ओट्यावर अर्पिता. शटरला पाठ लावून ताठ बसलेली. समोर बघत होती. ओठ हलत होते. गोपाळ जवळ गेला तेव्हा त्याला ऐकू आलं.

"रामदादा, बस. काठी जवळ ठेवजो..."

ओट्याची कड धरून त्यानं हाक मारली. पोरीनं त्याला पाहिलं आणि गळ्यात पडली. रडली नाही. अंग तापल्यासारखं गरम होतं तिचं, एवढ्या थंडीत.

"बाबा, ह्या बाई होत्या म्हणून..." ती बाजूला वळली. बाजूला रिकामी फरशी. "आत्ता त होत्या."

"कोण... कोण बाई?"

"मले काय माहीत? ते तिघं ओट्यापाशी आले, तं ह्या माह्याजवळ येऊन बसल्या. लुगडं ओलं होतं त्यायचं. म्हणे, 'रडू नको पोरी. येड्यावानी बोल. येडीच्या वाटेले माणूस लवकर जात नाही. भावाले हाक मार. जसा काही इथंच बसला हाये.' मी म्हटलं, मले भाऊ नाही. तं म्हणे..."

"काय म्हणे?"

"म्हणे, 'मले तरी कुठं हाये?'"

ऐकलंत? ती वेडी नव्हती रे. एकट्या बाईला रात्री डोळा मिटता येत नाही म्हणून ती जागायची, आणि जागी राहायची म्हणून दिवसा झोपायची. नसलेला भाऊ तिनं बोलून बोलून उभा केला होता, का तर तुमच्याआमच्यातल्या कुणी तिच्या अंगाला हात लावू नये. आणि आपण काय म्हणायचो? मुंजा! लाज वाटते मला या गावाची.

गोपाळनं विचारलं, "मंग?"

"मंग मी हाक मारली. ते हसले. एकानं माही ओढणी धरली. मी अजून मारली, जोरात. मंग ते... ते माह्या मागं पाहाले लागले, बाबा. हसणं बंद झालं. गाडी लोटून पळाले."

"मागं कोण होतं?"

तिच्या मागं दुकानाचं बंद शटर होतं. दुसरं काही नाही.

"मी पाह्यलं नाही. बाई म्हणे, 'मागं पाहू नको. मी कधीच नाही पाह्यलं. पाह्यलं का तो नसते.'"

गोपाळनं गाडी वळवली. पोरगी बसेना. म्हणाली, "बाबा, मी त्यायले म्हटलं, आमच्या घरी चला, थंडी हाये. तं म्हणे, 'तुह्या बापाले विचार आधी.' नेऊ ना आपण?"

दिवा मिणमिणत होता. ओटा रिकामा. कुणीतरी उत्तराची वाट पाहत होतं... गोपाळला ते कळत होतं. अंगावरचा प्रत्येक केस सांगत होता त्याला. हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर.

गोपाळ म्हणाला, "उद्या पाहू."

उद्या पाहू! ज्या बाईला त्यानं थंडीत ओल्या फरशीवरून उठवलं, तिनं त्याची लेक वाचवली, आणि हा तिला म्हणतो उद्या पाहू. वाईट माणूस नाही बरं गोपाळ. देवळाला देणगी देतो, उन्हाळ्यात पाणपोई लावतो. वाईट नसलेल्या माणसांचंच मला भ्या वाटतं.

संक्रांतीच्या पहाटे त्यानं संग्रामपूरच्या घराचं दार उघडलं. घराचा ओटा उघडा आहे, वर छत नाही. दंव पडून फरशी अशी ओली होती की बोटानं नाव काढावं. फक्त कडेला, रस्त्याच्या बाजूला, एक जागा कोरडी. कुशीवर निजलेल्या माणसाएवढी. उशाशी दुसरी, लहान. कुणी मांडी घालून बसावं एवढी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अर्पिता म्हणाली, "झोपू द्या ना बाबा. कोणाचं काय घेऊन राह्यली ती?" गोपाळनं मला बोलावलं. मी म्हटलं, "गोपाळ, लेक बरोबर बोलते. रात्री तिथं एक घोंगडी टाकत जा. भाकर ठेव. आणि वरवटच्या ओट्यावर पाणी टाकणं बंद कर, अजून कितीतरी जिवंत माणसं आहेत निजायला जागा शोधणारी." त्यानं मान हलवली. हो गुरुजी, हो गुरुजी म्हणाला.

आणि वेल्डरला बोलावलं.

पुरुषभर उंचीची जाळी बसवली ओट्याला. लोखंडी. वर भाल्यासारखी टोकं. जाळीच्या फाटकाला बाहेरून कुलूप, किल्ली गोपाळच्या उशाशी. चार दिवस झाले त्याला.

आज पहाटे त्यानं फोन केला. आवाज ओळखू येईना. मी शाल घेऊन गेलो.

कुलूप तसंच होतं. कुलपावरही दंव साचलं होतं, कुणी हात लावलेला नव्हता. मागच्या दारानं बाहेर येऊन माझ्यासमोर उघडलं त्यानं. आत सगळी फरशी ओली. एक पाऊल उमटलेलं नाही. कडेची जागाही ओली झाली होती.

मला वाटलं, गेली.

मग गोपाळनं बोट दाखवलं.

घराच्या दारापाशी. उंबऱ्याला लागून. आडवी. एका बाईएवढी कोरडी जागा...

मी वाकलो. हात ठेवला.

फरशी ऊबदार होती.