कोऱ्या जागेतली हाक

ही घटना खरी आहे. तारीख, वार, गाव, सगळं सांगतो.

एकच गोष्ट सांगणार नाही. माझं नाव.

का, ते शेवटी कळेल.

९ डिसेंबर १९७९. रविवार. दिवेलागणीची वेळ. पलूसजवळचं आमचं गाव, नदीच्या वाटेवरचं शेवटचं घर.

घरात आम्ही तिघं. आई, मनुबाई. वहिनी, अंजना. आणि मी.

चौथं माणूस होतं... होतं की आहे, हाच तर प्रश्न होता.

जुनी रेकॉर्ड

माझा थोरला भाऊ आकाराम फौजेत सिग्नलच्या तुकडीत होता. छावणीतला एक साहेब विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं दादाला आपला प्लेअर आणि एक रेकॉर्ड देऊन टाकली. विलायती बँड. गिटार, ड्रम, मधेच ओरडणं. गावात हसायचे. "आकाराम, ह्या मानसाच्या पोटात दुखतंय का रं?"

दादा हसायचा आणि आवाज वाढवायचा.

ऑक्टोबर १९७१. दादा सुट्टीवर होता आणि तार आली. ताबडतोब हजर व्हा.

एस.टी. पाराजवळ उभी होती. सोप्यात, बाहेरच्या खोलीत, आमचे वडील बसलेले. ते तेव्हा होते. रेकॉर्ड चालू होती. दुसरं गाणं संपलं. दादानं ट्रंक उचलली, तिचा कोपरा टेबलाला लागला आणि सुई घसरली.

खर्र...

मग त्यानं हाक मारली.

"अंजना..."

फौजेत राहून त्याला ही सवय लागली होती. आमच्याकडं तेव्हा नवरा थोरल्यांसमोर बायकोचं नाव घेत नसे, आणि सासऱ्यादेखत सून ओ देत नसे. वहिनी आत चुलीपुढं होत्या. हात पिठात. त्यांनी ऐकलं. मान खाली घातली.

"अंजना..."

दोन हाका. एस.टी.नं हॉर्न दिला. तिसरी हाक त्यानं मारली नाही.

तो गेला.

तो गेला.

तो गेला.

माफ करा, इथं सुई अडकते. त्या रेकॉर्डवर तिसऱ्या गाण्याआधी ओरखडा पडला होता आणि तिथं ती कायम अडकायची.

डिसेंबरात लढाई झाली. जानेवारीत पत्र आलं. बेपत्ता. मेला असं नाही. सापडत नाही असं.

कोरी जागा

रेकॉर्डवर दोन गाण्यांच्या मधे एक चकचकीत पट्टी असते. तिथं काहीच नसतं. सुई फिरते, पण गाणं नसतं.

आठ वर्षं आमचं घर तसं होतं.

वडील गेले. मग आईनंच ठरवलं. १९ डिसेंबरला अमावास्या, त्या दिवशी पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि दादाचं दिवसकार्य उरकायचं. भटजीला सांगून झालं. म्हणजे त्या दिवशी वहिनींच्या गळ्यातले काळे मणी निघणार.

वहिनी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आत्याबाई, त्यांनी दोनदा हाक मारली. मी ओ दिली न्हाई. ओ न देताच त्यांस्नी वाटंला कसं लावू?"

आई म्हणाली, "मेलेल्याला ओ लागत न्हाई, पोरी."

"मेलंय कोण म्हणतंय?"



नवी रेकॉर्ड

माझं कराडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर परदेशातून आले होते. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मी बसवून दिला. खूश होऊन त्यांनी एक रेकॉर्ड हातात ठेवली.

दादाचीच. तेच चित्र, तीच गाणी. पण नव्यानं काढलेली. जाड, वजनदार. घरी जुनी आहे म्हटल्यावर सर सांगू लागले, मूळ टेप अर्ध्या वेगानं चालवून नवा साचा कापलाय, खरखर राहिलेलीच नाही. "जुन्या रेकॉर्डशेजारी लावून बघ. गाण्यापेक्षा मधली शांतता ऐक. खरा फरक तिथं कळतो."

मला वेडच लागलं. दुकानातले दोन स्पीकर पोत्यात गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकले आणि रविवारी गावी आलो. त्या आठवड्यात नदीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्तीसाठी बंद होत्या. एरवी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि गाणं रडायला लागायचं.

सीलबंद पाकीट मी माझ्या हातानं फोडलं. हे लक्षात ठेवा.

पहिलं गाणं. एवढं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

दुसरं गाणं. संपलं.

शांतता. सर म्हणाले तशीच. काळी, खोल...

खर्र...

मी सुई उचलली. बॅटरी लावून रेकॉर्ड तिरकी धरली. एक ओरखडा नाही. आरशासारखी.

परत सुई ठेवली. खर्र. आणि त्यामागून, लांबून...

"अंजना..."

स्वयंपाकघरात ताटली पडली.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पिठात.

"भावजी," त्या म्हणाल्या, "थांबवू नका."

पण तिसरं गाणं सुरू झालं होतं.

दुसऱ्यांदा

सोमवारी संध्याकाळी आईही सोप्यात येऊन बसली. ती म्हणाली, "मशीनचं काय तरी झालं आसंल. तूच केलं आसशील, धाकल्या. वयनीचा जीव ऱ्हावा म्हनून."

"शपथ घिऊ का?"

"घिऊ नगं. लाव."

दुसरं गाणं संपलं. शांतता. खर्र...

"अंजना..."

कालच्यापेक्षा जवळ. मग एक श्वास. मग...

"अंजना..."

आईनं पदर तोंडावर घेतला. आपल्या लेकाचा आवाज आई ओळखते.

वहिनींचे ओठ हलले. आईनं झटकन त्यांचा हात धरला.

"न्हाई. ओ द्यायची न्हाई. मेलेलं मानूस दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक जित्याची आसती. माज्या आयनं सांगितलंय, तिच्या आयनं तिला. तिसरी आली तर दे."

"आली तर?"

"तर आमुशाला पुतळा करत न्हाई मी."

आम्ही तिघांनीही एकच चूक केली. ती आज सांगताना कळते, तेव्हा कळली नाही. रेकॉर्डमधून तीनदा आवाज आला म्हणजे तीन हाका होत नाहीत. ती एकच हाक असते, तीनदा ऐकलेली. आमच्या बायकांचा नियम माणसाच्या तोंडच्या हाकेचा होता. तो आम्ही तबकडीला लावला.

तिसऱ्यांदा

मंगळवार. दिवेलागण. वहिनींनी हात धुतले होते. नवं लुगडं नेसल्या होत्या.

पहिलं गाणं आम्ही कुणीच ऐकलं नाही. दुसरंही नाही.

शांतता.

खर्र...

"अंजना..."

आता सोप्यातून. म्हणजे स्पीकरमधूनच, पण सोप्यातच उभं राहून मारल्यासारखी.

"अंजना..."

आणि लाईट गेली.

अ‍ॅम्प्लिफायरचे दिवे विझले. रेकॉर्ड फिरायची थांबली. मी अंधारात चाचपडत सुई उचलली आणि कडेला ठेवली. माझ्या बोटांना अजून आठवतंय. सुई रेकॉर्डवर नव्हती.

बाहेर कुत्रं भुंकत होतं, ते गप्प झालं.

आणि मग...

"अंजना."

स्वच्छ. खरखर नाही. एवढा स्वच्छ आवाज कुठल्याच यंत्रातून येत नाही.

"ओ," वहिनी म्हणाल्या.

आठ वर्षं धरून ठेवलेली ओ. हळू, लाजून, सासऱ्यादेखत द्यावी तशी.

मी काडी ओढून चिमणी लावली. वहिनी उठून दाराशी गेल्या होत्या. कडी काढली. बाहेर रस्ता, उसाचा फड, नदीकडून येणारं धुकं. कुणी नाही.

पण त्या हसत होत्या. "आली, आत्याबाई. तिसरी आली."

आई माझ्याकडं बघत होती.

"मला दोनच ऐकू आल्या," ती म्हणाली. "धाकल्या... तू ऐकलीस का तिसरी?"

मी रेडिओवाला. लाईट नसताना स्पीकर बोलत नाही, हे मला माहीत. त्या घरात माझ्या शब्दाला किंमत होती. नाही म्हटलं असतं, तर पुतळा झाला असता. वहिनींचे मणी निघाले असते. त्या रडल्या असत्या, आणि आज असत्या.

"व्हय," मी म्हणालो. "ऐकली."

खरंच ऐकली होती.

अमावास्या

भटजीला नको म्हणून कळवलं.

वहिनी रोज संध्याकाळी हात धुऊन दारात बसायच्या. दार लावू द्यायच्या नाहीत. आणखी एक झालं. आम्ही हाक मारली की त्या ओ देईनात. ऐकायच्या, वळायच्या, काम करायच्या. ओ मात्र नाही. जशी काही ती एकच होती त्यांच्याकडं.

१९ डिसेंबर. आई घरामागच्या परड्यात शेणी गोळा करत होती, मागच्या दारातून तिला चूल दिसत होती. मी कराडहून येत होतो, पारापाशी उतरलो होतो.

आईनं सांगितलं ते असं. वहिनी भाकरी थापत होत्या. मधेच थांबल्या. कान दिला. आणि म्हणाल्या, "आले."

आई म्हणाली, "कोन हाय गं?"

आई आत आली तोवर चुलीपुढं कुणी नव्हतं.

मी घरी पोचलो तेव्हा तवा चुलीवर होता. भाकरी एका बाजूनं करपलेली. वहिनींच्या चपला उंबऱ्यात. दार सताड उघडं.

तीन दिवस नदी शोधली. फड शोधले. पोलीस आले. कराडपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या गावांना निरोप गेले.

काही नाही.

बेपत्ता. मेली असं नाही. सापडत नाही असं.

शेवटची बाजू

महिन्यानं, आई मामाकडं गेली असताना, मी ती रेकॉर्ड एकदाच लावली. भर दुपारी. दारं-खिडक्या उघड्या टाकून.

दुसरं गाणं संपलं. शांतता. खर्र.

"अंजना..."

"अंजना..."

"ओ."

वहिनींचा आवाज. लाजलेला. मग दोघांची पावलं, लांब जाणारी. मला वाटलं, चला. भेटली एकमेकांना. डोळे भरून आले. सुई उचलायला हात पुढं केला.

पावलं थांबली.

कोऱ्या जागेत कुणीतरी वळलं...

आणि माझं नाव घेतलं.

वहिनी मला भावजी म्हणायच्या. आई धाकल्या म्हणायची. घरात नावानं फक्त दादा हाक मारायचा.

एक.

मी सुई उचलली. रेकॉर्ड पाकिटात घातली, पाकीट ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. पुन्हा लावली नाही. पण मी ऐकलं नाही म्हणून दुसरी हाक आली नाही, असं कसं म्हणू? म्हणून नाव सांगत नाही, तुमच्यापैकी कुणी ते घेतलं तर तीच तिसरी ठरायची.

आता आई नाही. मी सांगलीला राहतो. गेल्या आठवड्यात मुलगा एक पाकीट घेऊन आला. तेच चित्र, तीच गाणी, चकाकत्या सीडीवर. त्याला जुन्या ट्रंकेतलं काहीच माहीत नाही.

"बाबा, परत नव्यानं काढलीय बघा. मूळ टेपवरून. आधीच्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ. मधली शांतता तर ऐकाच."

मी नको म्हणालो. तो हसला.

आज दिवेलागणीला मी आत जेवायला बसलोय. हात भाकरीत. बाहेरच्या खोलीत पहिलं गाणं संपलंय.

आता दुसरं संपतंय...