ये-जा

घाम थांबलेला माणूस मला लांबूनही ओळखता येतो. म्हणूनच एप्रिलमधल्या त्या सकाळी मी सायकल थांबवली.

नऊ वाजून गेले होते. पिपरी मेघेतल्या आमच्या मैदानावर त्या वेळी कुत्रंही उभं राहत नाही, आणि हा उंचसा मुलगा उघड्या डोक्याने फेऱ्या मारत सुटला होता. आधी मला रागच आला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण थोडी अक्कल तरी असावी! मग तो माझ्यासमोरून गेला आणि मी पाहिलं... चेहरा लालबुंद, ओठ पांढरे, कपाळ मात्र कोरडं ठाक.

“ओ भाऊ! थांबा!”

तो थांबला. माझ्याकडे बघून गोड हसलासुद्धा. “अचानक... थंडी वाजायला लागली हो,” असं म्हणत तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच आडवा झाला.

मैदानासमोरच कोकिळाआत्याचं घर आहे. भरतीची तयारी करायची म्हणून मी तिच्याकडेच राहत होते. माझी हाक ऐकून ती बादली घेऊनच धावत आली. दोघींनी मिळून त्याला कडुलिंबाच्या सावलीत ओढलं, माझा दुपट्टा भिजवून त्याच्या मानेखाली ठेवला, अंगावर पाणी ओतलं. मी पुन्हा पुन्हा त्याच्या मनगटाला हात लावून बघत होते. ऑटो आला तेव्हा आत्याने त्याच्या खिशात एक कांदा कोंबला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे कांदा खिशात ठेवतात. लागल्यावर ठेवून काय उपयोग? पण आत्याला कोण सांगणार!

दुपारी दवाखान्यात त्याने डोळे उघडले, तेव्हा कांदा त्याच्या हातात होता.

“हा... खायचा का?”

“खिशात ठेवाचा,” मी म्हटलं. “नऊ वाजता काऊन पयत होते तुमी? मराचं होतं का?”

त्याचं नाव साकेत. मूळचा वाईचा, पाटबंधारे खात्यात नोकरी लागून वर्ध्याला येऊन जेमतेम दहा दिवस झालेले. “आमच्याकडे नऊ वाजता सकाळ असते,” तो ओशाळून म्हणाला.

“आमच्या इथं एप्रिलमंदी नऊले दुपार होते. आठ दिवस आराम करा. मंग सकायी पाचले मैदानावर येजा.”

त्याने अगदी गंभीरपणे मान हलवली. “ठीक आहे. करेन.”

‘करेन’ का म्हणाला, याची शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

नवव्या दिवशी पहाटे पाचला मी मैदानावर गेले, तर हे महाशय कडुलिंबापासून फाटकापर्यंत पळत जात होते, फाटकाला हात लावून परत येत होते. पुन्हा फाटक. पुन्हा कडुलिंब.

“हे काय करून राह्यले?”

“तुम्हीच सांगितलंत ना,” तो धापा टाकत म्हणाला. “पाच वाजता मैदानावर ये-जा.”

मी तिथल्या तिथे मातीत बसले आणि पोट धरून हसले. त्याआधी अशी कधी हसले होते, ते मला आठवेना.

“बाप्पा! ‘येजा’ म्हंजे... या. पन आत्ता नाई. आत्ताच्या आत्ता बोलवाचं असलं तर ‘या’ म्हनतो आमी. नंतर बोलवाचं असलं तर ‘येजा’.”

“आणि जवळच्या माणसाला?”

“त्याले आत्ताचं ‘ये’. नंतरचं ‘येजो’.”

“येजो,” तो स्वतःशीच म्हणाला. दोनदा म्हणाला. मी उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

तो हौसेने पळत होता. माझं तसं नव्हतं. पोलीस भरतीची माझी ती शेवटची संधी होती. पुढच्या भरतीत मी वयात बसणार नव्हते. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत पळायचं होतं. पहाटे पाचला मी ते सहज पळायची. साकेत हातात घड्याळ घेऊन बघत बसायचा आणि त्याचा चेहरा दिवसेंदिवस कोड्यात पडत चालला होता.

“दोन चव्वेचाळीस,” तो एकदा म्हणाला. “मग मागच्या भरतीत काय झालं?”

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्यालाही नाही. त्याला का सांगितलं, कोण जाणे! कदाचित तोही तसाच थंडी वाजते म्हणाला होता म्हणून.

“सेलूजवय आमचं वावर हाय,” मी म्हटलं. “पाच वर्सं झाली. मे महिना होता. बाबा वावरात कापसाची वायलेली पऱ्हाटी उपटत होते. मी डबा घेऊन गेलती. ते म्हने, अपेक्षा, मले थंडी वाजून राह्यली. कपाय कोरडं होतं त्यायचं. मी पाह्यलं ना... माह्या डोयानं पाह्यलं. आन् मले हसू आलं. मे महिन्यात थंडी कोनाले वाजते? मी म्हटलं, काम झालं का घरी येजा, बाबा.”

तो घड्याळाकडे बघायचं विसरला होता.

“येजा म्हटलं मी. चला नाई म्हटलं.”

बाबा घरी आलेच नाहीत. संध्याकाळी त्यांना आणलं. रूपरावांना ऊन लागलं, असं गाव म्हणालं. मी डबा घेऊन गेले होते, हे मात्र कुणी बोललं नाही. मागच्या भरतीत माझी बारी यायला दहा वाजले. शेवटच्या वळणावर दंडाला वारा लागला, गार वाटलं... आणि माझे पाय थांबले. मी पडले नव्हते, थांबले होते. सगळ्यांना वाटलं चक्कर आली. मी तसंच वाटू दिलं.

साकेतने घड्याळ बाजूला ठेवलं. बिचारी वगैरे काही म्हणाला नाही, म्हणून मला तो आवडला. हो, तेव्हाच आवडला.

“डॉक्टर म्हणाले होते, शरीराला उनाची सवय होते, पण हळूहळू,” तो म्हणाला. “मी घाई केली म्हणून आडवा झालो. आपण रोज दहाच मिनिटं उशिरा यायचं. सत्तावीस दिवसांत साडेनऊ होतील. प्रत्येक फेरीला मी तुझा हात बघेन. कोरडा लागला, तर तिथेच बंद.”

“आन् मी भ्याली तर?”

“तरी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा.”

तो मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता.

तसं आमचं सुरू झालं. पाच दहा, पाच वीस, पाच तीस... साडेसहाला सावल्या आखडायच्या. आठला फाटकाच्या लोखंडी कडीला हात लावला की चटका बसायचा. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात आत्याचा कांदा, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. प्रत्येक फेरीला कडुलिंबापाशी तो दहा पावलं माझ्यासोबत पळायचा, हाताची मागची बाजू माझ्या मनगटाला टेकवायचा आणि एकच शब्द बोलायचा.

“ओला.”

एवढंच. पण त्या एका शब्दासाठी मी पुढची फेरी पळायची. दोनदा मी मध्येच थांबले, सावलीत बसून रडले. त्याने बाटली पुढे केली आणि म्हणाला, “आजचं झालं.”

एका सकाळी घरी निघताना मी म्हटलं, “उद्या आठ चायीसले येजो.”

तो गर्रकन वळला. “काय म्हणालीस?”

“काई नाई.”

“‘जा’चा ‘जो’ झाला.”

“जीभ घसरली.”

“घसरू दे की. पण पहिल्या दिवशी मला भाऊ म्हणाली होतीस, त्याचं काय?”

“थे ऊन लागलेल्या मान्साले म्हटलं होतं,” मी सायकलवर टांग मारत म्हटलं. त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. माझे कान तापले होते आणि त्यात उनाचा काही दोष नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चाचणी आली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. या वेळीही माझी बारी यायला दहा वाजले. आत फक्त उमेदवारांना सोडत होते. साकेत बाहेर, तारेच्या जाळीपलीकडे उभा होता. निघताना मी मनगट पुढे केलं, तर मध्ये जाळी. त्याने नुसती मान हलवली.

शिट्टी झाली. पहिली फेरी बरी गेली. दुसरीत छाती भरून आली, तरी पाय चालत होते. मग ते शेवटचं वळण आलं. झाडांमधून वारा सुटला आणि माझ्या दंडांना गार लागलं.

थंडी वाजून राह्यली, अपेक्षा.

पायांनी ओळखलं. ते जड झाले. दोन मुली मला ओलांडून पुढे गेल्या. मनगट बघावं तर हिंमत होईना. तेवढ्यात जाळीपलीकडून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं,

“ओली आहेस! अपेक्षा, पाठ भिजलीये तुझी! घाम आहे... घाम आहे!”

अख्खं मैदान हसलं. पोरीच्या घामासाठी एवढा गळा काढणारा माणूस कुणी पाहिला नसेल. मी हाताकडे पाहिलं. मनगटावरून घाम ओघळत होता, कोपरापर्यंत. मी तोंड उघडून श्वास घेतला आणि पळाले... बाबांना हाताला धरून वावरातून घरी आणायचं असल्यासारखी पळाले.

दोन मिनिटं सत्तेचाळीस.

फाटकातून बाहेर आले तेव्हा साकेतचा आवाज पार बसला होता. सवयीने त्याने हाताची मागची बाजू माझ्या मनगटाला टेकवली. मग मी रडले. पाच वर्षं साठलेलं सगळं त्या फाटकापाशी रडले, आणि तो माझ्यावर सावली पडेल अशा बेताने उभा राहिला.

“आत्यांशी बोलायचं होतं मला,” बऱ्याच वेळाने तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तुझ्या आईशीही. आपल्या दोघांबद्दल. घाई नाही. लेखी परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे. तू नुसतं ‘येजो’ म्हणालीस, तरी मी वाट बघेन.”

‘येजो’ माझ्या जिभेवर तयारच होतं. आमच्या बोलीतला किती मायेचा शब्द आहे तो! पण मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. चांगलं घामाने डबडबलं होतं. दुपट्टा काढून मी ते पुसलं.

“ये,” मी म्हटलं.

तो बघतच राहिला. शब्दाचा अर्थ त्याला मीच शिकवला होता.

“आत्ता?”

“आत्ता. आत्या घरीच हाय.”