शेवटच्या गाण्याआधीची शांतता

जाल हो नाचायला. अख्खं मोंतेविदेओ पहाटेपर्यंत नाचणार आहे, तुमच्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. चोवीस ऑगस्ट, जुन्या गाण्यांची रात्र. मी का येत नाही, असं विचारलंत ना? मग बसा. थर्मॉस इकडे सरकवा आणि मध्ये बोलू नका.

दार्दो एचेव्हेरीला मी चांगला ओळखत होतो. विसरलेल्या बँडची रेकॉर्डिंगं हुडकून त्यांच्या नव्या तबकड्या काढायचा. २०१८ साली, याच रात्री, तो एका साध्या कामासाठी ला तेहा वस्तीत गेला. एल्बिओ सोसा नावाच्या म्हाताऱ्याकडून टेपचं एक रीळ आणायचं, एवढंच काम.

एल्बिओ हा ‘आंधळी घड्याळं’ या बँडचा गायक. एकोणसत्तर साली त्यांची एकच तबकडी निघाली. एकेक गाणं अर्ध्या बाजूभर. मध्येच ताल बदलायचा, ऑर्गन कुठल्या कुठे भरकटायचा, ऐकताना डोकं गरगरायचं. त्यावर नाचता येईना, म्हणून इथे कुत्र्यानेही विचारलं नाही. आणि आता जपान-जर्मनीतली पोरं त्या तबकडीसाठी जीव टाकायला लागली होती! दार्दो तर किती वर्षं त्या मूळ रिळाच्या मागे होता.

एल्बिओ पक्का खडूस. दारातच सुरू झाला, “आलास? आज सगळं गाव जुनी गाणी लावतंय. आमचं एक तरी लावलं कधी? मेल्यांना कान नाहीत.”

“आता लावतील,” दार्दो म्हणाला.

“लावू देत. पण रिळावरचं शेवटचं गाणं मिल्टनचं आहे. ते आज माझ्यासमोर कापायचं आणि शेगडीत टाकायचं. कबूल असेल तर आत ये, नाहीतर चालू लाग.”

मिल्टन त्यांचा ऑर्गनवाला. स्वतः गायलेलं त्याचं तेवढं एकच गाणं. एल्बिओने ते तबकडीवर येऊच दिलं नव्हतं. मिल्टनचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं होतं, ते त्या रिळावर. तबकडी निघाली त्याच आठवड्यात एका रात्री मिल्टन धक्क्यावरून समुद्रात पडून मेला. एल्बिओ सगळ्यांना सांगायचा, मी त्या रात्री तिकडे नव्हतोच.

दार्दोला ते कापणं पटलं का? छे! पण हाव वाईट. कबूल म्हणाला. मला त्याचा अजून राग येतो.

मागच्या खोलीत यंत्र होतं. रीळ चढवलं. एल्बिओ खुर्चीत बसला, दार्दोला द्यायचं ब्लेड हातात धरून. एकेक गाणं संपत गेलं. लांबून कुठल्यातरी क्लबातला धिंगाणा ऐकू येत होता. शेवटच्या गाण्याआधी थोडी टेप कोरी होती.

“आता नीट ऐका,” दार्दो म्हणाला. “रीळ वर्षानुवर्षं पडून राहिलं, की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग गाणं सुरू व्हायच्या आधीच ते बारीक ऐकू येतं. कापायचं ते तिथून.”

आवाज आला. बारीक. पण ऑर्गनचा नव्हे.

“काप की. वाट कसली बघतोस?”

खरखरीत, म्हातारा आवाज. एल्बिओचा.

दार्दो वळला. एल्बिओचे ओठ मिटलेले. त्याला काही ऐकू आलं नसावं. मग ओठ हलले.

“काप की. वाट कसली बघतोस?”

दार्दोने बटण दाबलं. रीळ थांबेना.

“कोण आहे तिथे?” टेपमधून.

“कोण आहे तिथे?” एल्बिओ ओरडला… आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. ब्लेड खाली पडलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

रीळ फिरत होतं.

“त्याने हात पुढे केला होता.”

एल्बिओ मान हलवायला लागला. नाही… नाही…

“मी दिला नाही.”

लांबचा धिंगाणाही ऐकू येईनासा झाला. एल्बिओचे हात तोंडावरून खाली आले. हळूहळू. कोणीतरी ओढल्यासारखे. तो जोर लावत होता. दार्दोला त्याच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या.

“त्याने… हात पुढे केला होता. मी… दिला नाही.”

टेपवर एक श्वास. आत घेतलेला.

दार्दो ऐकत राहिला. तो श्वास बाहेर पडेना…

एल्बिओने त्याच्याकडे पाहिलं. श्वास आत घेतला.

तेवढाच.

आणि मिल्टनचं गाणं सुरू झालं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं. असेल. सकाळी दार्दोने ते रीळ पहिल्यापासून लावलं. ड्रम होते, गिटार होती, ऑर्गन होता. मिल्टनचं गाणं तर लख्ख. एल्बिओ मात्र नव्हता. एकाही गाण्यात नाही. टेप कुठे कापलेली नाही, जोडलेली नाही.

मी म्हटलं, दार्दो, तुझं यंत्र बिघडलंय. मग घरी येऊन कपाटातून माझी तबकडी काढली. एकोणसत्तर सालची, तेव्हाच घेतलेली. लावली.

वाजवणारे अजून गाणाऱ्यासाठी जागा सोडतात. थांबतात… आणि तिथे कोणी गात नाही.