डेकर रोडच्या अलीकडे

"गेलं! हेही गेलं!"

जिलियनने फोन टेबलावर इतक्या जोरात आपटला की बटाट्याच्या सॅलडचं भांडं थरथरलं, आणि शेजारी चित्र रंगवत बसलेली पाच वर्षांची ओपल दचकून आजीच्या कुशीत शिरली. आठ महिन्यांत हातातोंडाशी येऊन निसटलेलं हे चौदावं घर! लोरेनने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलीकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या जिलियनच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. काहीतरी बोलावं, तिच्या पाठीवर हात ठेवावा... पण तो हात झिडकारला जाईल हे लोरेनला अनुभवाने ठाऊक होतं.

"ज्यांना मिळालं त्यांनी म्हणे घर आतून पाहिलंसुद्धा नाही," जिलियन दात-ओठ खात म्हणाली. "नुसता पत्ता बघितला आणि घेऊन टाकलं!"

"सगळे पत्ताच विकत घेतात," तिचा नवरा कर्टिस म्हणाला. "भिंती फुकटात मिळतात."

"तुला चेष्टा सुचतेय? ऑगस्टमध्ये ओपलची शाळा सुरू होईल, आपलं भाड्याचं घर जुलैत सोडायचंय!"

सगळं घोडं अडलं होतं ते डेकर रोडवर. रस्ता एकच, दोन्ही बाजूंना तेच मेपल, तेच कुंपण. बर्फ पडला तरी दोन्हीकडे सारखाच पडायचा. पण त्या रस्त्याच्या मधोमध शाळांची हद्द होती; ज्या बाजूला घर, त्याच बाजूच्या सरकारी शाळेत मुलाला प्रवेश. पलीकडे ब्रायर रिज, अलीकडे केस्लर मिल्स. शाळांच्या गुणवत्ता यादीत पलीकडच्या शाळांना दहापैकी नऊ गुण, अलीकडच्यांना तीन. आणि त्या सहा गुणांपायी तशाच तीन खोल्यांचं घर पलीकडे जवळजवळ दुप्पट भावाने जायचं.

लोरेन जन्मभर अलीकडे राहिली होती. सव्वीस वर्षं ती केस्लर मिल्सच्या शाळांची पिवळी बस चालवत होती. न राहवून ती हळूच म्हणाली, "हॅनलनांचं घर विकायला निघालंय. माझ्यापासून चार घरं सोडून. मागे अंगण आहे, नवीन छप्पर आहे... आणि शाळासुद्धा आता पूर्वीसारखी नाही गं, जिल. नव्या मुख्याध्यापिका—"

"आई, प्लीज!"

"मी त्याच शाळेत शिकलो," कर्टिस म्हणाला. "मेलो का?"

"मेला नाहीस, पण किराण्याच्या यादीत तू 'कोबी' कसं लिहितोस ते मी बघते दर आठवड्याला!" आणि मग जिलियन आईकडे वळली. तिचा आवाज खाली आला, आणि म्हणूनच तो जास्त बोचला. "मुलांच्या शाळेचं तू मला सांगू नकोस. बस चालवणं वेगळं आणि मूल वाढवणं वेगळं. सगळ्या गावाची मुलं तू त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलीस... स्वतःची तेवढी मामीच्या दारात उतरवलीस!"

कर्टिसने नजर खाली घातली. लोरेन उठली, बेसिनपाशी गेली आणि आधीच स्वच्छ असलेली ताटली पुन्हा घासू लागली. ओठांपर्यंत आलेले शब्द तिने गिळले... गेली सत्तावीस वर्षं गिळत आली होती तसेच!

कसं सांगणार होती ती? तेव्हा जिलियन नऊ वर्षांची होती. नवरा टेक्सासला कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. गावातला कारखाना बंद पडलेला, शाळेची रया गेलेली. जिलियनच्या वर्गाला अर्धं वर्ष धड शिक्षक नव्हता, आणि पोरगी तर अशी की किराण्याच्या डब्यांवरची अक्षरंसुद्धा वाचून काढायची! शेवटी एका म्हाताऱ्या शिक्षिकेनेच लोरेनचा हात धरून सांगितलं होतं, "हिला इथून हलवा. काहीही करा, पण हलवा."

लोरेनचा भाऊ स्टॅन आणि त्याची बायको मार्जरी डेकर रोडच्या पलीकडे राहायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण नुसता त्यांचा पत्ता देऊन भागत नव्हतं. शेजारच्या दोन मुलांनी तसं केलं, तेव्हा पलीकडच्या शाळेने पाळत ठेवून त्यांना भर वर्षात काढलं होतं आणि सगळ्या वर्षांची फी मागितली होती. मार्ग एकच उरला... मुलीचं पालकत्व कोर्टातून भावाला देऊन टाकायचं. आणि शाळेसाठी म्हणून कोर्ट ते देणार नव्हतं. म्हणून कागदावर लिहावं लागलं : 'आई मुलीचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे.'

लोरेनने सही केली. आणि लहान मुलाच्या तोंडून शाळेत भलतंसलतं निघून जाईल या भीतीने स्टॅनने लोरेनला आणि मार्जरीला शपथ घातली, पोरीला खरं कधी कळू द्यायचं नाही. जिलियनला सांगितलं गेलं, आईला जमत नाहीये. अठराव्या वर्षी तिच्या हाती तो कागद लागला, आणि मुलीच्या मनात उरलासुरला जो ओलावा होता तोही आटून गेला. दोन वर्षांपूर्वी स्टॅन वारला, तेव्हा तरी बोलता आलं असतं. पण तोवर जिलियनने मार्जरीला आईची जागा दिली होती. विधवा, एकट्या मार्जरीच्या पदरातलं तेवढं एकच सुख आपण कोणत्या तोंडाने हिरावून घ्यायचं? मुलगी शिकली, मोठी झाली, औषधांच्या कंपनीत मानाच्या जागेवर बसली... आणखी काय हवं होतं? असं ती स्वतःला समजवायची, आणि स्टेअरिंगवर हात घट्ट आवळायची.

पुढच्या रविवारी चर्चनंतर सगळे मार्जरीकडे जेवायला जमले होते. जिलियन त्या दिवशी कधी नव्हे ती उत्साहात होती.

"उपाय सापडला," ती म्हणाली. "आपण हॅनलनांचं घर घेऊ."

लोरेनचा चेहरा उजळला. चार घरं सोडून! रोज नात दिसेल!

"आणि ओपलचं पालकत्व मार्जरी मामीच्या नावावर करू. म्हणजे ती कागदोपत्री ब्रायर रिजची! सोमवार ते शुक्रवार इथे झोपेल, शनिवार-रविवार आमच्याकडे. मामी, तुलाही सोबत होईल. चालेल ना?"

मार्जरीने कप खाली ठेवला आणि लोरेनकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोरगी काय भाड्याने द्यायची वस्तू आहे?" कर्टिस तडकला.

"मग तूच सांग दुसरा मार्ग! आठ महिने मी एकटी डोकेफोड करतेय! नुसता कागद तर आहे, कर्टिस. एक सही, बस्स! त्याने कुणाचं काय बिघडतंय?"

"नाही!"

सगळ्यांनी चमकून पाहिलं. लोरेन उभी राहिली होती.

"नाही, जिल... तसं करू नकोस. मी तुझ्या पाया पडते! मुलाला कागद कळत नाही गं. त्याला एवढंच कळतं की आईने आपल्याला देऊन टाकलं! तू दर शनिवारी खेळणी आण, केक आण, काहीही आण... ते तुझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायला लागतं. आणि मग एक दिवस तू दारात उभी असतेस आणि ते आतून ओरडतं, 'मामी, ती आलीय!' ... आई नाही. ती!"

"तू हे..." जिलियन अडखळली. "तू कशाबद्दल बोलतेयस?"

लोरेनने मान हलवली. तिला अजूनही शपथ मोडवेना. बोलली ती मार्जरी.

"स्टॅनने शपथ घातली होती मला. पण आता तो वर गेलाय, काय भांडायचं ते तिथे भांडेल माझ्याशी." तिने आपला हात जिलियनच्या हातावर ठेवला. "बाळा, तुझ्या आईने तुला टाकलं नव्हतं. आत्ता तू जे सांगितलंस ना, अगदी तेच तिने केलं. त्याच शाळेसाठी. त्या कागदावरचा शब्द न् शब्द वकिलाचा होता. सही करून बाहेर आली आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर ओकली ती. आणि मी... मला तू हवी होतीस गं. म्हणून मीही गप्प बसले. इतकी वर्षं!"

लोरेनला वाटलं होतं, कधी काळी हा क्षण आला तर मुलगी धावत येऊन गळ्यात पडेल. किती वेळा तिने ते स्वप्न पाहिलं होतं! पण जिलियन उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, अंगार होता.

"म्हणजे मी वाईट नव्हते," ती एकेक शब्द उच्चारत म्हणाली. "नऊ वर्षांची असल्यापासून मी विचार करतेय की माझ्यात असं काय वाईट आहे, की माझ्या आईलाही मी नको झाले... आणि तुम्हा दोघींना ठाऊक होतं! समोरासमोर बसून तुम्ही जेवत होतात! नऊ गुणांची शाळा दिलीत मला, आणि आई काढून घेतलीत. मला विचारलं होतंत कुणी?"

तिने ओपलला उचललं आणि ती चालू लागली. कर्टिस दारात थांबला, लोरेनच्या खांद्यावर थाप देऊन बायकोमागे धावला.

एकोणीस दिवस जिलियनचा फोन आला नाही. लोरेन रोज पहाटे बस काढायची, लोकांच्या मुलांना हाका मारमारून चढवायची, उतरवायची. संताप यायचा तो मुलीचा नव्हे. स्वतःचा, त्या रस्त्याचा, ज्या कुणी त्याच्या मधोमध रेघ ओढली त्याचा! एवढा मोठा त्याग केला म्हणून मनातल्या मनात आपण स्वतःला देवीसारखं मखरात बसवलं होतं... आणि पोरगी मात्र सगळा काळ स्वतःतच खोट शोधत राहिली. हे कसं दिसलं नाही आपल्याला?

विसाव्या दिवशी दुपारी बसच्या आवारात ती सीटखालचे कागदाचे बोळे गोळा करत असताना पायऱ्यांवर पावलं वाजली. जिलियन होती. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली.

"हॅनलनांचं घर घेतलं," ती म्हणाली. "काल सह्या झाल्या. ओपल आमच्याच पत्त्यावरून शाळेत जाईल. अलीकडच्या."

लोरेनने हातातले बोळे खाली ठेवले.

"मी बघून आले ती शाळा. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आहे. रंग उडालेत. भयंकर चीड आली मला... आणि त्या चिडीतच फॉर्म भरला. तुझ्या त्या नव्या मुख्याध्यापिकेला म्हटलं, दर मीटिंगला येऊन भांडणार आहे मी. ती म्हणाली, या, खुर्ची राखून ठेवते. कर्टिस म्हणतो, आता शाळेचे गुण वाढतील नाहीतर बाई नोकरी सोडून पळतील." ती किंचित हसली, पण हसू ओठांवरच विरलं. "आई, माझा राग गेलेला नाही."

"जाऊ नको देऊस," लोरेन म्हणाली. "हक्काचा आहे तो तुझा."

"एकच विचारायचंय. त्या दिवशी तू मला मामीच्या पायरीवर सोडलंस. मी खिडकीत उभी होते. तू फाटकापर्यंत गेलीस, गाडीत बसलीस, निघून गेलीस... एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. त्या कागदापेक्षा मला तेच जास्त लागलं गं. का नाही पाहिलंस?"

लोरेन तिच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत न रडलेले डोळे आता वाहायला लागले होते, आणि तिने ते पुसले नाहीत.

"वळले असते तर तुला घेऊन आले असते, राणी."

जिलियनच्या चेहऱ्यावरचं सगळं वय क्षणात गळून पडलं. तिने आईच्या जॅकेटची बाही मुठीत धरली, तिच्या खांद्यात तोंड लपवलं आणि हुंदक्यांतून, नऊ वर्षांच्या मुलीच्या हट्टाने म्हणाली,

"मग घेऊन यायचं होतंस... घेऊन यायचं होतंस गं!"

"हो," लोरेन तिला छातीशी आवळत म्हणाली, "घेऊनच यायचं होतं."