हाराहाराचा दांडा

"अहो, थांबा! ती फांदी माझी आहे, मी कालच हेरलीय."

कुऱ्हाड उगारलेला तरुण थबकला. ओढ्यापलीकडून दांडा मोडलेलं फावडं घेऊन वुलासुआ धापा टाकत येत होती.

"नाव कोरलंय का हिच्यावर?" तो हसला.

"हाराहारावर? सुरीच मोडेल!"

खरंच होतं ते. एवढं चिवट लाकूड त्या जंगलात दुसरं नव्हतं. झाडाला पानं नाहीत, नुसत्या चपट्या हिरव्या फांद्या… आणि त्यांच्या कडांवर आता गुलाबी फुलं लगडलेली.

तो खालच्या गावचा रावेलू. वल्ही नि दांडे घडवायचा. "फांदी तुझी," तो म्हणाला, "पण दांडा मी घडवणार. ये चार-आठ दिवसांनी."

ती गेली, तर दांडा तयार नव्हता. पुन्हा गेली, तरी नाहीच. "लाकूड फार कठीण आहे गं," म्हणत तो भाजलेलं केळं पुढे करायचा. अंगणात चटईवर लवंगा वाळत असायच्या, गप्पा लांबायच्या… घरून निघण्याआधी वेणी नीट घालायची सवय वुलासुआला कधी लागली, तिलाच कळलं नाही.

"दांडा घडवतोय की होडी?" आई विचारायची. घरात राबणाऱ्या त्या दोघीच, फावड्यावाचून खाचर खणायचं अडलेलं, आणि भाताची रोपं लावणीवाचून ताटकळलेली.

एकदा रावेलू घरी नव्हता. त्याच्या बहिणीने दारामागून गुळगुळीत दांडा काढून दिला. "हा? केव्हाच झालाय. रोज नुसतं तेल चोळत बसतो."

वुलासुआ दांडा घेऊन तडक निघाली. डोळ्यांत संतापाने पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खाचरात उतरली, तर थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाला रावेलू! मान खाली घालून खणू लागला. ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं खणतच राहिली.

"रोपं पिवळी पडली," शेवटी तीच म्हणाली. "वर्षभर आम्ही खायचं काय?"

"चुकलो. पण दांडा दिला असता, तर तू… पुन्हा आली नसतीस."

"विचारायचं तरी!"

"काय?"

"येशील का म्हणून."

त्याने फावडं चिखलात रोवलं. "मग… येशील? कायमची?"

पाटाच्या पाण्यात ती कितीतरी वेळ हात धूत राहिली.

"आधी तेवढं खणून संपव," ती म्हणाली. "मग घरी चल, आईलाच विचार. भात जरा जास्त टाक, असं सकाळीच सांगून आलेय तिला."