गाठ मारलेल्या बाह्या

"आजाऱ्याचे कपडे घरात धुवू नको गो बाये. मागच्या दाराभायर ठेव. मी येतां आणि धुवंक व्हरतां."

पेर्पेतमायचा हा आवाज आजही कानात आहे.

ही गोष्ट कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरात घडली. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही, हा माझा रोजचा नेम आहे. आजही तो नेम करून लिहायला बसले आहे. खोटं लिहिणार नाही.

गाव सुर्ला, तालुका डिचोली. साल एकोणीसशे सत्त्याहत्तर. वैशाखाचे दिवस.

आम्ही सावंतवाडीकडचे. हे आणि माझा धाकटा दीर सगुण, दोघेही खाणीवर ट्रक चालवायचे. आमच्या घरामागून एक पायवाट खाली झरीकडे जायची. झरीवर धुण्याची मोठी धोंड होती. उजव्या हाताला, टेकडीखाली, खाणीवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडी.

पेर्पेतमाय झरीपलीकडे एकटी राहायची. ख्रिस्ती विधवा, मूल ना बाळ. देवी आलेल्यांचे, क्षय झालेल्यांचे, रक्ताची उलटी केलेल्यांचे कपडे ती धुवायची. ज्यांना घरचीसुद्धा हात लावायची नाहीत असे कपडे. शेडीतल्या मजुरांचे तर सगळेच. कुणाकडून काही घेत नसे. फार तर पेलाभर चहा, तोही उंबऱ्याबाहेर बसून.

मी एकदा विचारलं, "माय, हे सगळं कशाला गो करतेस?"

गळ्यातला क्रूस धरून ती हसली. "आमच्या जेजून दुसऱ्यांचे पाय धुतले. माझ्यानं कपडे तरी धुवंक नाका?"

धुतलेला सदरा कुंपणावर वाळत घालताना ती दोन्ही बाह्यांची एकमेकींशी गाठ मारायची. खाणीचा वारा कपडे काट्यात उडवून न्यायचा, म्हणून. तशी गाठ गावात दुसरं कुणी मारत नसे.

शिमग्याच्या सुमारास ती खोकल्यानं गेली. तिला सिमितेरीत, त्यांच्या दफनभूमीत, पोचवायला पाद्री आणि चार माणसं. बाकीचे आजाराच्या भीतीनं दारं लावून बसले. आम्हीसुद्धा.

त्यानंतर वैशाखात सुरू झालं...

भर दुपार होती. जेवणं उरकून सगळा गाव आडवा झाला होता. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

आणि झरीवरून आवाज आला.

धप्प...

धप्प...

धोंडीवर कपडा आपटावा तसा.

एवढ्या उन्हात कोण धुतंय, म्हणून मी मागच्या दारातून डोकावले. झरीवर कुणी नव्हतं. आवाज थांबला होता. मी खाली गेले. ऊन इतकं की पायाला चटके बसत होते.

धोंड मात्र ओली होती.

संध्याकाळी सगुण ओरडला, "वयनी, माझो खाकी शर्ट खय गेलो?"

शर्ट कुंपणावर होता. धुतलेला. बाह्यांना गाठ.

"माझ्यार इतकी माया? मळको होतो तरी धुतलंस?" सगुण म्हणाला.

"मी नाही धुतला रे."

"मगे काय शर्ट आपणच न्हावन इलो?" तो हसत हसत जेवायला बसला.

रात्री त्याला थंडी भरली. सकाळी डोळे पिवळे. कावीळ. इस्पितळात न्यावं लागलं. वाचला, पण फार थोडक्यात.

मी कुणाला काही बोलले नाही.

मग शेजारच्या प्रभावतीच्या सासूची चोळी तशीच गाठ मारलेली सापडली. म्हातारी ठणठणीत होती. सुनेला चार शिव्या घालून तीच चोळी अंगात घातलीन.

आठवड्याच्या आत गेली.

सुतक फिटल्यावर प्रभावती कुंपणापाशी आली. आवाज अगदी बारीक. "वयनी, आयकलंस मगो ती धप्प धप्प? माझ्या सासूक नेलं तिणें."

"असं बोलू नये गो. किती केलं तिनं गावाचं."

"म्हूणच म्हणतां. जिती आसताना आजारी पडल्यार येताली. आता आदीच येता."

त्या दिवसापासून मी दुपारची दारं घट्ट लावू लागले. घरातला एकही कपडा बाहेर ठेवत नसे. आतच दोरी बांधून वाळवायची.

तरीही...

त्या दिवशी सोमवार होता. माझा उपास. दुपारी जप करत बसले होते. माझी सुलू, पाच वर्षांची, समोर गजगे खेळत होती.

धप्प...

माझा हात माळेवर थांबला.

धप्प...

धप्प...

मग शांत.

कुंपणाकडे बघायचं नव्हतं. पण खिडकीतून दिसलंच.

सुलूचा निळा फ्रॉक.

ओला. इवल्या इवल्या बाह्यांना गाठ.

तो फ्रॉक मी सकाळी स्वतःच्या हातानं पेटीत ठेवला होता. पेटी उघडली. फ्रॉकची जागा रिकामी.

"आई, काय झालं?" सुलूनं विचारलं. चांगली हसत होती पोर. मी तिला पोटाशी धरलं ते सोडलंच नाही.

दिवेलागणीला तिचं अंग तापलं.

डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. ताप उतरेना. रात्रभर मिठाच्या पाण्याच्या घड्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे फिरवले. हे गाडी आणायला साखळी गावाकडे धावले. घरात मी आणि सुलू, दोघीच.

तिची घामानं भिजलेली चादर बदलली होती. ती मी बाहेर ठेवली नाही. चुलीजवळ कोपऱ्यात कोंबली आणि मागच्या दाराला कडी घातली.

झरीवरचा आवाज बंद होता.

मग पायवाटेवर खोकला ऐकू आला...

कोरडा. ओळखीचा.

खोकला जवळ आला. पायरीपाशी थांबला.

दार हललं.

कुणी ठोठावलं नाही. दोन्ही हात कपड्यांनी भरलेल्या माणसानं खांद्यानं ढकलावं, तसं हललं. पेर्पेतमाय असंच दार ढकलायची.

माझ्या तोंडून देवाचं नावसुद्धा निघेना.

दार पुन्हा हललं. कडी वाजली.

दाराखालच्या फटीतून पाणी आत आलं. साबणाचा वास आला.

सुलू कण्हली. त्या आवाजानं मला वाचा फुटली.

"माय, हिचे कपडे मी देणार नाही!"

दार हललं. आधीपेक्षा जोरात.

मी दाराला पाठ लावून बसले. पलीकडचा भार माझ्या पाठीला जाणवत होता. गार. लाकडातून येणारा गारवा.

काय बोलले ते मलाही ठरवून सुचलं नव्हतं.

"तू खूप केलंस गो माय. आता मी धुवीन. ज्यांचं कोणी धुवत नाही त्यांचं मी धुवीन. शेडीतल्यांचंसुद्धा. देवाशपथ. पण माझ्या चेडवाक ठेव..."

पलीकडे काहीच नाही.



मग पायरीवर काहीतरी हलकेच ठेवल्याचा आवाज आला. खोकला दूर दूर गेला.

हे गाडी घेऊन आले तेव्हा सुलूला घाम फुटला होता. दिवे लागले तशी तिनं पेज मागितली.

मी मागचं दार उघडलं. पायरीवर एक वेताची पाटी होती. रिकामी, ओली.

ती पेर्पेतमायची पाटी होती. तिच्या घराला शिमग्यापासून कुलूप होतं.

पाटी मी लाकडांच्या माचाखाली लपवली. ह्यांनाही सांगितलं नाही. सुलू बरी झाली, खेळू लागली. दुपारी आवाज येईना. मीही मनाशी म्हणू लागले, भीतीनं तोंडातून गेलेला शब्द, त्याचं काय एवढं...

मग एका सकाळी प्रभावती म्हणाली, "शेडीतल्या बाबाजीक रक्त पडता म्हणे. सोबतचे लोक दुसऱ्या शेडीत गेले. कपडे, हांतरूण, सगळं तसंच. वास सुटला. कोण वचत थंय?"

जेवताना मी ह्यांच्या कानावर घातलं.

"आपणाक काय करूचा हा?" हे म्हणाले. "घरात पोर आसा. आणि तुझा सोवळा?"

मी ताक वाढलं. 

दुपारी आवाज आला.

धप्प...

सुलू गाढ झोपली होती. पेटीत तिचे सगळे कपडे होते. मी दोनदा बघितलं.

धप्प...

ती आजार घेऊन यायची, की आजाराच्या आधी पोचायची? मला अजून कळलेलं नाही. कळावं असंही वाटत नाही. त्या दुपारी तर विचार करायलाही धीर नव्हता. 

तुळशीला हात जोडले. पदर खोचला. माचाखालची पाटी ओढून काढली. इतके दिवस उलटले होते, पाटी अजून ओलीच होती.

मागचं दार उघडून मी पायवाटेवर पाऊल टाकलं.

आवाज थांबला.

झरीकडे मी बघितलं नाही. पाटी कमरेवर घेतली आणि शेडींच्या वाटेला लागले.