सहाव्या शेडचा लाल दिवा

सकाळी चहाचं आधण ठेवलं न ठेवलं तोच सहाव्या शेडवरचा दिवा लाल झाला आणि हेमांगी घरत तशीच आत धावली.

पोयनाडजवळच्या तिच्या पोल्ट्रीत सहा शेड होत्या आणि प्रत्येकीच्या आढ्याला एक कानपेटी टांगलेली होती. ही पेटी अहोरात्र कोंबड्यांचे आवाज ऐके आणि त्यावरून त्यांचे हाल होताहेत का ते ओळखे. सगळं ठीक असलं की हिरवा दिवा, आवाजात काही वेगळं जाणवलं की लाल. हाल सोसलेल्या कोंबडीचं मांस आमच्या बंदरात उतरू देणार नाही, अशी अटच आखाती देशांनी घातली होती. त्यावर निर्यात कंपनीने आपला नियम काढला: लाल दिव्याच्या शेडमधले पक्षी रोगाच्या भीतीने सरसकट पुरून टाकायचे.

"अहो, उठा! सहावी लाल झाली!"

विजेंद्र धडपडत उठला. "हॅचरीचा टेम्पो वाटेत बंद पडला आणि निम्मीच पिल्लं आली, तीच ना ही? आधीच तोटा, त्यात हे!"

कंपनीच्या साहेबाने फोनवरच सांगून टाकलं, खड्डा खणायला घ्या. पण हेमांगीने फोन लावला तेव्हा पशुवैद्य डॉक्टर इर्शाद मुजावर म्हणाले, "वहिनी, मी येईपर्यंत एकाही पक्ष्याला हात लावू नका." आणि खरंच, नाश्ता टाकून ते मोटारसायकलवरून आले. असा माणूस मिळायलाही नशीब लागतं बुवा!

शेडमध्ये शिरून डॉक्टरांनी पक्षी उचलून उचलून पाहिले. डोळे स्वच्छ, तुरे लालबुंद, पायांना जखम नाही. "आजाराचं नाव नाही. मग पेटीला खुपतंय काय?" असं म्हणत त्यांनी पेटीने टिपलेला आवाज हेमांगीच्या मोबाईलवर लावला.

हलकी, संथ कुर्रकुर्र. समोर अर्ध्या रिकाम्या शेडमध्ये अंथरलेल्या भाताच्या तुसात खळगे करून पक्षी पंख पसरून पडले होते आणि तूस अंगावर उडवून घेत होते.

"अगं बाई!" हेमांगीचे डोळे एकदम भरून आले. "हे तर आईच्या घरामागच्या परड्यातलं! तिच्या गावठी कोंबड्या दुपारी मातीत लोळायच्या, तेव्हा अश्शाच बोलायच्या. डॉक्टर, हे सुखात आहेत हो!"

डॉक्टरांनी मोबाईलवरचा आवाज बंद केला. "पेटीला आवाजांची ओळख करून द्यायला इंजिनिअर आला होता, तेव्हा त्याला कुठली शेड दाखवलीत?"

"सगळ्यात चांगली. पहिली. गच्च भरलेली, वजनही तिथलंच..." तिने वळून पहिल्या शेडकडे पाहिलं. पोल्ट्रीवाल्यांच्या लेखी चांगली शेड म्हणजे भरलेली शेड. हलायला जागा नसलेल्या पक्ष्यांचं ओरडणं पेटीने 'ठीक' म्हणून शिकून घेतलं होतं. सुख तिने कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून आज ती घाबरली होती.

मोबाईलवर प्रश्न उमटला होता: हा आवाज बिघाड की ठीक? बिघाड म्हटलं तर सहावी शेड खड्ड्यात जाणार, बाकी पाच जहाजावर. ठीक म्हटलं तर सगळ्या पेट्यांचं मापच बदलणार: ठीक म्हणजे हाच आवाज.

"हेमांगी, विचार कर गं," विजेंद्र हळूच म्हणाला. "जहाज तोंडावर आलंय."

"विचार करूनच दाबतेय. आईच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर मी शिकले, ह्यांच्या जिवावर आपलं घर उभं राहिलं. आज पहिल्यांदा ह्यांनी सुखाचं काही सांगितलं आणि मी खड्डा खणू?"

तिने 'ठीक' दाबलं. मग डॉक्टरांना हात जोडले. "तुम्ही आला नसता तर मी आत्तापर्यंत ह्यांना पुरलं असतं. तुमचे उपकार कसे फेडू?"

"मी काय केलं? ओळखलं तुम्ही." डॉक्टर संकोचून हसले. विजेंद्रनेही मोठा श्वास सोडला. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

तिघं बाहेर आले. सहावीचा दिवा हिरवा झाला होता. बघता बघता पहिलीचा लाल झाला, मग दुसरीचा, तिसरीचा, असे गच्च भरलेल्या पाचही शेडचे. विजेंद्रच्या खिशात कंपनीचा फोन वाजू लागला. त्याने तो उचलला नाही.

हेमांगी कितीतरी वेळ त्या पाच दिव्यांकडे बघत उभी राहिली.

"डॉक्टर," तिने विचारलं, "आत्ता या घडीला जगात किती शेडवर असा खोटा हिरवा दिवा असेल हो?"